मध घ्यावा, पोळे मोडू नये

एकादशीच्या पंचामृताला मध लागतो. मांजरीस निरूपण संपले की माळकरी मंडळी आम्हांस विचारतात, "महाराज, परसात सातेरी माश्यांची पेटी ठेवली आहे. मध काढला तर हिंसा होते का हो?" प्रश्न लहान दिसतो, पण गळ्यात तुळशीची माळ असणाऱ्याला तो टाळता येत नाही.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने २४ गुरू सांगितले. त्यांत मधमाशी आहे आणि तिचा मध हरण करणाराही आहे. नाथमहाराजांनी ते प्राकृतात उलगडून दाखविले. माशी फुलाफुलांतून थोडे थोडे घेते, फुलाला दुखवीत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की माशी फुलाशी वागते तसे गृहस्थाने माशीशी वागावे.

मशाल लावून पोळे पिळणारा मधाबरोबर अंडी-पिलेही पिळतो. तो मध देवाला कसा वाहावा? पेटीची रीत निराळी. खाली पिलाव्याची कोठी, वर मधाची. खालच्या कोठीतला मध घेऊच नये. वरच्या चौकटीतली घरे मेणाने बहुतेक मिटली म्हणजे मध पिकला. कच्चा मध आंबतो. स्वच्छ उन्हाचा दिवस पाहावा, तेव्हा पुष्कळ माश्या रानात गेलेल्या असतात. धूर गार आणि थोडाच द्यावा. चौकट सावकाश उचलावी; एक माशी चिरडली की तिच्या वासाने बाकीच्या खवळतात. झाकणे सुरीने काढून चौकट मधयंत्रात फिरवावी आणि रिकामे पोळे माशीला परत द्यावे. नवे मेण करायला तिला मेणाच्या कितीतरी पट मध खर्चावा लागतो.

शिवाय सगळा मध काढू नये. आषाढात झड लागली की माशी बाहेर पडत नाही. साठविलेला मध हीच तिची शिदोरी. वारीला निघताना आपली शिदोरी कुणी काढून घेतली तर?

ही विद्या शिकता येते. पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. महाबळेश्वराजवळचे मांघर तर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले.

इतके जपूनही एखादी माशी मरतेच. खोटे कशाला बोलावे? नांगर धरणाऱ्याच्या हातूनही किडा मरतो. परंतु जपून घेणे आणि ओरबाडणे एक नव्हे. जो हात जपतो, त्याचीच वाटी विठोबापुढे शोभते.

रामकृष्ण हरि.