वर्षावास : पावसाळ्यातले थांबणे

बौद्ध भिक्खूचे जीवन मुळात फिरतीचे. स्वतःचे घर नाही, उद्याच्या भिक्षेची खात्री नाही. या फिरतीला पावसाळ्यात खंड पडतो. आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून तीन महिने एका जागी राहायचे, असा विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांचा, दंडक आहे. त्यालाच वर्षावास म्हणतात. त्याचे मूळ विनयातल्याच महावग्ग या ग्रंथात सांगितले आहे. भर पावसात भिक्खू हिंडतात, कोवळे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव चिरडतात. पाखरेसुद्धा घरटी बांधून राहतात, मग यांना थांबायला काय होते, अशी लोकांची तक्रार होती. बुद्धांनी ती ऐकली आणि नियम घालून दिला. आधी गवताला आणि किड्यामुंग्यांना अभय मिळाले. ध्यानाला लाभलेली सलग सवड त्यातूनच आली. हा क्रम विसरला की निसर्ग हा साधनेचा नुसता देखावा होऊन बसतो.

नियमांचा तपशीलही बोलका आहे. झाडाच्या ढोलीत, उघड्यावर किंवा छत्रीखाली वर्षावास करू नये. डोक्यावर धड छप्पर हवे. ठरावीक निकडीच्या कामासाठी सात दिवसांपर्यंत बाहेर जाता येते. पूर, आग, चोर, श्वापदे यांचे संकट ओढवले तर जागा सोडण्यात दोष नाही. गुराख्यांच्या तळावर, व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर किंवा नावेवरही वर्षावास करता येतो, आणि तळ हलला तर भिक्खूनेही बरोबर निघावे. सगळे अस्थिर होणार हे धरूनच हा नियम बांधला आहे. म्हणून स्थैर्याचा अर्थ जागेला चिकटून राहणे असा इथे होऊच शकत नाही.

तरीही पोट आणि अंगावरचे वस्त्र सुटत नाही. त्याची तजवीज कशी होत असे, हे नाशिकच्या पांडवलेण्यात वाचायला मिळते. दहाव्या लेण्यातील शिलालेख क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा आहे. त्याने संघासाठी 3000 कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. मुद्दल कधीच काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यांपैकी 2000 कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा 1 व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज झाले 240. लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे, म्हणजे हिशेब तंतोतंत जुळतो. उरलेले 1000 दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा पाऊण टक्क्याने होते. डोंगरावरच्या त्या शांत चित्तामागे खाली गावात चालणारे माग होते. मनाची स्थिरता ही एकट्याची कमाई मानणाऱ्यांनी हा लेख जरूर पाहावा.

मुक्कामातली साधना श्वासापासून सुरू होते. सतिपट्ठान सुत्तानुसार साधकाने अरण्यात, झाडाखाली किंवा रिकाम्या जागी ताठ बसावे. लांब श्वास लांब म्हणून, आखूड श्वास आखूड म्हणून जाणावा. श्वास बदलायचा नाही, सुखद वेदना धरून ठेवायची नाही, दुःखद वेदना ढकलायची नाही. मांडी अवघडते, कळ वाढते आणि तीही ओसरते. अनित्यता अशी अंगावर कळली की बाहेरच्या उलथापालथीने येणारी घबराटही येते आणि जाते, हे पाहता येते. आपला मुलगा राहुल याला केलेल्या उपदेशात बुद्धांनी पृथ्वीचा दाखला दिला आहे : तिच्यावर चांगले टाका, घाण टाका, ती किळस करत नाही. सत्यनारायण गोएंका यांनी म्यानमारहून 1969 मध्ये भारतात परत आणलेली विपश्यना याच पायावर उभी आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर आजही दहा दिवसांची शिबिरे चालतात, सह्याद्रीच्या ऐन पावसातसुद्धा.

महाराष्ट्रातील बौद्ध वस्त्यांत वर्षावासाला 1956 च्या धम्मदीक्षेनंतर नवे रूप आले. भिक्खूंइतकेच उपासक-उपासिकाही त्यात असतात. दिवसाचे काम उरकून संध्याकाळी विहारात जमायचे, वंदना घ्यायची आणि डॉ. आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे क्रमाने वाचन करायचे, असा शिरस्ता अनेक ठिकाणी आहे. रोजगार आणि निवारा ज्यांच्यासाठी कायम बेभरवशाचा राहिला, त्यांनी या तीन महिन्यांना दिलेली शिस्त फार मोलाची आहे.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या वेळी भिक्खूंची पवारणा होते : माझे काही चुकलेले पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली असेल तर सांगावे, अशी विनंती प्रत्येक जण संघाला करतो. थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूसुद्धा यातून सुटत नाहीत. पुढे चीवरदानाचा कठिनोत्सव होतो आणि भिक्खू पुन्हा चारिकेला निघायला मोकळे होतात.