काही झाले नाही ना!

गेल्या वैशाखातील गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. त्यांच्या सतरा वर्षांच्या चिरंजीवांनी मित्राशी मोटारसायकलची शर्यत लावली म्हणून पोलिसांनी त्यांना समुद्राकडच्या रस्त्यावर अडवून ठेवले होते. "तुमची तिथल्या अधिकाऱ्यांशी ओळख आहे. एक शब्द टाका. अहो, कोणाला खरचटलेसुद्धा नाही. काही झाले नाही ना!"

हे शेवटचे वाक्य तेव्हापासून माझ्या मनात घर करून बसले आहे. जेथे कोणाची हानी नाही, तेथे अपराध कसला? परंतु अशी कल्पना करावी की, एकाच रात्री, एकाच वेगाने दोन तरुण धावले. एक घरी पोचून जेवावयास बसला. दुसऱ्याच्या वाटेत, वळणावर, एक म्हातारी आली. दोघांच्या मनात वेगळे असे काय होते? म्हातारीने नेमका त्याच घटकेला रस्ता ओलांडावा, ही काही त्या दुसऱ्याची करणी नव्हे. बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या तत्त्वचिंतकांनी 1976 साली हा पेच मांडला. त्याला आपण नैतिक दैव म्हणू. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. कायदासुद्धा या दैवापुढे मान तुकवतो. परवानगीवाचून शर्यत लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या 189 व्या कलमाखाली पहिल्या खेपेस तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निष्काळजीपणाने मृत्यू घडला, तर भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमाप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद. या दोहोंमधले अंतर त्या म्हातारीच्या पावलांवर ठरते!

दैवाचे म्हणून जे आपण सोडून देतो, त्यातही गणित असतेच. ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे 28 मीटर पुढे जाते. म्हणजे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दोनचार घरे मागे पडलेली असतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. आमचे रस्ते तर माडांच्या आडून अवचित वळणारे, आणि त्यांवर गुरे निवांत बसलेली.

तरुणांचे म्हणणे असे की, जीव आमचा, धोका आमचा. चेन्नईजवळच्या किंवा कोईमतूरच्या शर्यतीच्या मार्गावर हे म्हणणे शोभेल. तेथे धावणारा प्रत्येक जण जाणूनबुजून उतरलेला असतो. रस्त्यावरील शर्यतीत मात्र दोघे पैज लावतात आणि पणाला लागतो तिसरा. त्याला कोणी विचारलेले नसते.

या तिसऱ्याच्या वतीने त्या रात्री तेथे कोण उभे होते? तो शिपाई. पोलीस म्हणजे आपला प्रतिपक्ष, हे आपण इतके गृहीत धरतो की, ही साधी गोष्ट ध्यानात येत नाही. सगळेच शिपाई साधू असतात असे मला म्हणावयाचे नाही. नोट घेऊन सोडणारा शिपाई त्या म्हातारीच्या जिवाचे मोल परस्पर ठरवून मोकळा होतो. आणि पळणाऱ्या पोरामागे गाडी दामटणारा शर्यतीत आणखी एक स्पर्धक तेवढा वाढवतो. शहाणा शिपाई क्रमांक टिपून घेतो. आणि शहाणा मुलगा थांबतो, कायद्याने मागता येतात ती कागदपत्रे दाखवितो, वाद घालावयाचा तो न्यायालयात घालतो.

येथे तर दाखविण्याजोगे अनुज्ञापत्रच नव्हते. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या 199 अ या कलमाप्रमाणे अल्पवयीनाच्या अशा अपराधाबद्दल पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. स्नेह्यांच्या आवाजातील कंप केवळ पुत्रप्रेमाचा नव्हता, हे मला मागाहून उमगले. किल्ली त्यांनीच दिली होती.

मी शब्द टाकला. बारा वाजण्यापूर्वी मुलगा घरी आला. म्हणजे मीही त्या दैवावरच भार टाकला, आणि तोही दुसऱ्याच्या जिवावर. चार दिवसांनी त्यांनी मानकुराद आंब्यांची करंडी पाठविली. मला ते आंबे गोड लागले नाहीत असे लिहिले तर शोभून दिसेल, पण ते खरे नव्हे. आंबे उत्तम होते, आणि आम्ही सर्वांनी ते खाल्ले. मोटारसायकलीचा आवाज मात्र रात्री अजून येतो. ती त्याचीच की दुसऱ्या कोणाची, हे मी उठून पाहत नाही.