परतीची वायर

आजचं मनन एका वायरिंगवर आहे. जुन्या मालट्रकच्या, बॅटरीपासून मागच्या लाल दिव्यापर्यंत गेलेल्या. ट्रक समोर असायला हवा असं नाही. सावकाश वाचा, आणि जिथे ‘थांबा’ येईल तिथे खरोखर थांबा.

गाडी कळवणची धरू. टाटा-मर्सिडीज. टेल्कोने डायम्लर-बेंझशी करार करून 1954 मध्ये जमशेदपुरात हे ट्रक काढायला सुरुवात केली. 1969 मध्ये करार संपला आणि जाळीवरचा मर्सिडीजचा तारा गेला. म्हणजे तारा असलेली गाडी पन्नाशी कधीच ओलांडून गेली. अशा गाडीचं इंजिन बोअर करून मिळतं, पाटे नवे बसतात. वायरिंग मात्र बसून, एकेक वायर ओढून, हाताने करावं लागतं. त्याला घाई चालत नाही, म्हणून मननाला ते बरं.

आधी बॅटरी सोडा. निगेटिव्ह पहिली. पॉझिटिव्ह आधी खोलायला गेलात आणि पाना चासीला लागला, तर ठिणगी उडालीच समजा. दोन्ही केबल बाजूला झाल्या की गाडीत आता काही वाहत नाही. थांबा. काम सुरू करण्याआधी स्वतःच्याही केबल अशाच जरा बाजूला ठेवा.

आता जुनं वायरिंग न तोडता, सगळ्या फाट्यांसकट अलगद बाहेर काढा आणि प्लायवूडवर पसरा. फाटा जिथे फुटतो तिथे खिळा ठोका. टोकाला चिठ्ठी बांधा: हा हॉर्न, हा डावा इंडिकेटर, हा डिझेलचा काटा. नवं वायरिंग याच खिळ्यांमधून जाणार आहे.

एक वायर बोटात घ्या. वरचं कापडी वेष्टण तेल पिऊन काळं पडलंय. वाकवलीत की आतलं रबर तडकतं, भुगा बोटांना लागतो, तांब्यावर हिरवट थर दिसतो. दोन इंच पुढे उंदरानं कुरतडलंय. त्याच्यापुढे टेप, आणि टेपेखाली दोन टोकं नुसती पिळलेली, डाक न मारता. कच्चा जोड. हसू नका त्याला. कांद्याचा माल भरलेला, रात्र झालेली, वाटेत लाइट गेली. हाताला जी वायर लागली ती त्या माणसानं जोडली आणि गाडी पोचली. त्याचं काम त्या रात्रीपुरतं होतं, ते झालं. तुमचं पुढच्या तीस वर्षांचं आहे.

आता रंगांकडे बघा. जर्मन पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे अर्थ, आणि बॅटरीतून थेट आलेली लाल. ब्रिटिश पद्धतीत, जी बेडफर्ड-लेलँडवर हात बसलेल्यांच्या ओळखीची, तपकिरी वायर थेट बॅटरीची, किल्ली बंद असली तरी जिवंत. अर्थ तिथे काळी. एकच रंग, एका गाडीत निरुपद्रवी आणि दुसरीत आग लावणारा. त्यात पन्नास वर्षांत कुणी निळ्याला पिवळी जोडलेली, पिवळीला लाल. म्हणून रंगावर विश्वास ठेवू नका. टेस्ट लॅम्प लावा, वायर कुठून निघाली आणि कुठे पोचली ते बघा, मगच चिठ्ठीवर लिहा. थांबा. रंगावरून ओळखलेली आणि कधीच तपासून न पाहिलेली माणसं मनात येतील. येऊ द्या.

जाडीचंही तसंच. 12 व्होल्टवर 60 वॉटचा बल्ब 5 अँपिअर ओढतो. वायर बारीक आणि लांब असली की थोडं व्होल्टेज वाटेतच खर्ची पडतं. ते 10 टक्के घसरलं तर उजेड जवळपास 30 टक्क्यांनी घटतो. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेले लोक ऊन टाळायला रात्री चालतात. त्या रस्त्यावर हेडलाइटचा उजेड कमी पडणं काय असतं, हे कळवणकराला सांगावं लागत नाही. एक नंबर जाड वायर घ्या. तांब्यात काटकसर नको.

आणि आता आजच्या मननाचा गाभा.

प्लायवूडवरच्या वायरी मोजून बघा. प्रत्येक दिव्याला जाणारी वायर आहे. परत येणारी बहुतेकांना नाही. करंट दिव्यापर्यंत तांब्यातून जातो आणि बॅटरीकडे परततो तो चासीच्या लोखंडातून. ज्या चासीवर माल लादतो, तीच अर्धं वायरिंग आहे. नकाशात तिच्यासाठी तीन आडव्या रेघा काढतात, संपलं.

आता असा एक मागचा दिवा डोळ्यासमोर आणा, ज्याच्या अर्थच्या नटाखाली गंज आणि रंगाचा थर बसलाय. ब्रेक दाबता. ब्रेकचा दिवा धड पेटत नाही, आणि शेजारचा इंडिकेटर मात्र मंद लागतो. स्विच ठीक, बल्ब नवा, फ्यूज शाबूत. झालंय काय? करंटला परतायला वाट नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बच्या तारेतून शिरून वाट काढतोय. दोष ज्या दिव्यात दिसतो तिथे तो नसतोच.

ट्रकवाल्याला हे वेगळं समजवायला नको. कळवणहून कांदा भरून गेलेली गाडी रिकामी परत आली, तर जातानाचं भाडं डिझेलातच जातं. धंदा उभा राहतो तो रिटर्न भाड्यावर.

म्हणून नवं वायरिंग बांधण्याआधी पॉलिश पेपर घ्या. अर्थची प्रत्येक जागा चकाकेपर्यंत घासा. थिंबल नीट दाबून बसवा, खाली दातेरी वॉशर, वर नट, त्यावर ग्रीस. मागच्या दिव्यांना चासीच्या भरवशावर न सोडता स्वतंत्र अर्थची वायर द्या. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबराचं ग्रोमेट. मग टेप, अर्ध्यावर अर्धी चढवत, सावकाश.

बॅटरी जोडताना एकदम जोडू नका. केबलच्या मध्ये एक बल्ब लावा. सगळे स्विच बंद असताना तो विझलेलाच राहिला पाहिजे. पेटला, तर कुठेतरी करंट गळतोय. आणि वायरिंग जळण्याआधी ते तुम्हाला कळलं.

दिवा मिणमिणला की आपला हात बल्बकडे जातो. तो अर्थच्या नटाकडे जायला लागला, की कारागीर झालात. माणसांच्या बाबतीतही तपासणी हीच. ज्यांच्याकडून रोज काही ना काही आपल्यापर्यंत पोचतं, त्यांची नावं एकेक करून मनात आणा. प्रत्येक नावाशी स्वतःला विचारा: माझ्याकडून यांच्याकडे परत काय जातं, आणि कुठल्या वाटेनं? ज्या नावाशी उत्तर अडेल, घासायला तिथून सुरुवात करा.