लाटसाहेबांची भाकरी

खानदानाची चौकशी माणसांपुरतीच ठेवावी, शब्दांची करू नये. भलतेच बाहेर पडते. आता हा इंग्रजी 'लॉर्ड'च घ्या. दिसायला अखंड, पण मुळात चक्क सामासिक शब्द : 'ह्लाफवेआर्ड'. ह्लाफ म्हणजे पाव, आजचा लोफ. वेआर्ड म्हणजे राखणदार. 'लेडी'ही त्याच घरची : 'ह्लॅफदीये', पावाचे पीठ मळणारी. आणि ह्यांच्या आश्रयाने राहणारा तो 'ह्लाफॅटा', पाव खाणारा. सातव्या शतकाच्या आरंभी केंटच्या एथेलबर्ट राजाने कायदा केला. एखाद्या कुळंब्याचा असा पावखाऊ कुणी मारला, तर भरपाई ६ शिलिंग!

पुढे जिभेवर घासून शब्द आखूड झाले. त्यांतला पाव गळाला, मान तेवढा उरला. राखणदार सरदार झाला. मळणारी, पिठाला हात न लावणारी बाईसाहेब झाली. खाणारा मात्र शब्दासकट नाहीसा झाला.

आपल्याकडे लॉर्डचा 'लाटसाहेब' झाला. मराठीत पोळीही लाटतात आणि दुसऱ्याचा पैसाही. योगायोगच, पण काय नेमका!

मला प्रश्न पडतो तो असा : चार तोंडांना घास पुरवल्याबद्दल मिळालेला मान, पुरवणे सुटल्यावर परत करायचा असतो की नाही? मी म्हणतो, करावा. डब्यात पोळ्या किती, हे ज्याला ठाऊक नाही त्याने घरात साहेब म्हणवून घेऊ नये. ह्या हिशेबाने आम्ही तिसऱ्या शब्दात मोडतो. शब्द गेला, आम्ही जेवतो आहोत.