दात नंतर काढा

उभे राहा सगळे. मागच्या बाकावर दात काढताहेत तेही. आचळ म्हटलं की हसू फुटतं, नाही का?

गोराईची पोरं ना तुम्ही? वलांडीवरचा बोंबील सुकला की नाही ते लांबून ओळखता. आणि त्याच वलांडीखाली आपली कुत्री चंपी आठवडाभर पाय फाकवून चालतेय, मागचं आचळ जांभळं पडलंय, हात लावला तर चटका बसतो, टोकाला पू आलाय. हे एकालाही दिसू नये?

करणी तुमचीच. पंधराव्या दिवशी पिल्लं वाटून मोकळे झालात. पिणारं कोणी उरलं नाही, पण दूध येतच राहिलं. साचलं, आचळ गच्च झालं, पिल्लांच्या नखांचे ओरखडे होतेच, त्यातून जंतू शिरले. याला स्तनदाह म्हणतात. पिल्लं 8 आठवडे आईजवळ ठेवायची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मऊ खाणं द्यायचं, म्हणजे दूध हळूहळू आटतं. तुम्ही काय केलंत, तर गाईचं दूध पाजलंत! कुत्रीचं दूध त्याहून कितीतरी दाट, चरबी-प्रथिनं दुपटीच्या घरात. मग पिल्लं हगणार नाहीत तर काय?

कुत्रीला साधारण 10 आचळं, मांजरीला 8. त्यांवरून अधूनमधून बोट फिरवायला कसली लाज? गाठ लागली तर थांबायचं नाही. मांजरीच्या आचळातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्याच निघतात. पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर हा धोका खूपच कमी होतो.

आणि दुखतंय म्हणून मांजरीला क्रोसिन चारायला निघालेला दीडशहाणा कोण? हात वर कर. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि त्याची एक गोळी मांजरीचा जीव घ्यायला पुरते. माणसाचं औषध जनावराला नाही म्हणजे नाही.

डॉक्टर लांब आहेत म्हणे! बोटीने खाडी ओलांडली की बोरिवली. तिथे भागलं नाही तर परळ. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून उभं आहे. मॅच बघायला वानखेडेपर्यंत जाता, तेव्हा नाही लांब पडत.

शाळा सुटली की दोघांनी चंपीला घेऊन जेट्टीवर यायचं. तुम्ही तिच्या आचळाला लावलेला हळद-चुना आधी कोमट पाण्याने पुसून काढा. आचळ पिळायचं नाही. दुखऱ्या अंगाने ती चावेल, तेव्हा सांभाळून उचला. पैसे मी देतो. आणि वाटलेली पिल्लं कोणाकोणाकडे आहेत, त्याची यादी उद्या माझ्या टेबलावर हवी.