दर्शनाला निघालेल्याचं तिकीट: गजानन विजय, अध्याय सतरावा



एकवीस दिवसांच्या पारायणात आपण आज सतराव्या अध्यायावर आलो. दासगणू महाराजांच्या या ग्रंथात रेल्वेचा एक प्रसंग आहे आणि तो याच अध्यायात येतो. मलकापूरच्या भक्ताच्या आग्रहावरून महाराजांना गाडीने न्यायचं ठरतं. महाराज मात्र जाऊन बसतात थेट बायकांच्या डब्यात, तेही दिगंबर अवस्थेत! बायका घाबरतात, तक्रार होते आणि प्रकरण जठार साहेबांपुढे जातं. साहेब महाराजांचा अधिकार ओळखतात, त्यांचा मान ठेवतात. पण प्रकरण फाईल फाडून संपत नाही. सोबतच्या भक्ताला दंड होतो. महाराजांना सांभाळून न्यायची जबाबदारी त्याने अंगावर घेतली होती आणि ती नीट पार पाडली नव्हती.

लहानपणी हे ऐकताना आपण हसतो. पण मला वाटतं, यातला दंड आपण फार भरभर वाचून पुढे जातो. साक्षात सद्गुरू सोबत असताना भक्ताला दंड झाला आणि महाराजांनी तो चमत्कार करून रद्द केला नाही. असं का? आज यावरच बोलू. कारण गेल्या महिन्यात हाच प्रश्न मला माझ्या भाच्याने विचारला, तोही रात्री साडेअकराला फोन करून.

आमच्या यवतमाळकरांचं रेल्वेशी नातं तुम्हाला माहीतच आहे. मूर्तिजापूरची शकुंतला थांबली. वर्धा-यवतमाळ-नांदेड लाईनचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला, म्हणजे गाडी चिंतामणीच्या कळंबपर्यंत आली. पण शेगावला जायचं तर आमची माणसं आधी बसने धामणगावला जातात आणि तिथून गाडी धरतात. भाचाही तसाच निघाला होता. मित्रांसोबत, स्लीपरचं ई-तिकीट, वेटिंग चार. "चारच तर आहे, होऊनच जाते," असं म्हणून पोरांनी नंतर स्टेटस पाहिलंच नाही. चार्ट लागला, तिकीट वेटिंगमध्येच राहिलं. बडनेरा सुटल्यावर टीसी आले, मोबाईल बघितला आणि म्हणाले, "हे तिकीट रद्द झालेलं आहे. तुम्ही विनातिकीट आहात."

भाचा पोलीस भरतीची तयारी करतोय. त्याच्या डोळ्यांपुढे एकदम कोर्ट, केस, व्हेरिफिकेशन असं सगळं उभं राहिलं. मला म्हणाला, "मामा, मी त महाराजाच्याच दर्शनाले चाललो होतो ना! मंग महाराजानं मलेच काहून फसवलं?"

आधी सरळ हिशोब बघू. ई-तिकिटावरच्या एकाही प्रवाशाची जागा कन्फर्म किंवा आरएसीत आली नाही, तर चार्ट लागल्यावर ते तिकीट आपोआप रद्द होतं. थोडी कपात होऊन पैसे खात्यावर परत येतात. म्हणजे तुमच्या हातात जे दिसतं ते तिकीट उरतच नाही, तो फक्त एक मेसेज असतो. पैसे परत घेऊन त्याच डब्यात बसायचं, म्हणजे फुकट बसायचं. मनात तसं असो वा नसो, व्यवहार तोच होतो.

आता कायदा. रेल्वे अधिनियम १९८९ मध्ये यासाठी दोन वेगळी कलमं आहेत आणि त्यांतला फरक मला फार शिकवून गेला. कलम १३८ सांगतं की योग्य तिकीट नसेल तर भाडं भरा, आणि वर जादा आकार भरा: भाड्याइतकाच किंवा २५० रुपये, यांतलं जे जास्त असेल ते. रक्कम भरली, पावती घेतली की विषय संपतो. ती भरायलाच नकार दिला तर मामला मॅजिस्ट्रेटपुढे जातो. कलम १३७ मात्र फसवण्याच्या हेतूने प्रवास करणाऱ्यासाठी आहे. तिथे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दोघंही त्याच गाडीत, त्याच सीटवर, तिकिटाशिवाय बसलेले असतात. फरक फक्त हेतूचा.

आणि एक तिसरी वाट आहे, ती फार कमी जणांना ठाऊक असते. तिकीट नाही हे प्रवाशाने आधीच गार्डला किंवा अधिकार असलेल्या कर्मचाऱ्याला सांगितलं आणि नंतर भाडं भरण्याच्या अटीवर प्रवासाची परवानगी मिळवली, तर कलम ५५ प्रमाणे त्याला तसा दाखला मिळू शकतो. ज्याच्याकडे हा दाखला आहे त्याला जादा आकार लागत नाही. भाडं मात्र भरावंच लागतं.

मंडळी, जरा थांबून बघा. कोरड्या वाटणाऱ्या कायद्यातसुद्धा तीन माणसं वेगळी ओळखली आहेत: स्वतःहून सांगणारा, चुकून सापडलेला आणि ठरवून फसवणारा. भाडं तिघांनाही सुटत नाही. बाकीचं ओझं मात्र ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे वाढतं. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंत कर्म, विकर्म आणि अकर्म वेगवेगळं समजून घ्यायला सांगतात, तेव्हा ते आपल्याला बाहेरच्या हालचालीच्या आत काय चाललंय ते पाहायला लावतात. बाहेरून सगळं सारखंच दिसतं.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. महाराजांनी का नाही वाचवलं?

अकराव्या अध्यायातला भास्कर पाटील आठवा. त्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं. महाराजांचा इतका जवळचा भक्त! महाराजांनी त्याला सांगितलं की हे गेल्या जन्मीचं वैर आहे, ते फिटायला आलंय. वाचवता येईल, पण ती उसनवारी ठरेल, पुढे कधीतरी द्यावीच लागेल. निवड भास्करापुढे ठेवली. भास्कराने निर्णय महाराजांवर सोपवला आणि जे आलं ते शांतपणे स्वीकारलं. आपण कृपा म्हणजे देणं माफ, असं धरून चालतो. इथे कृपा वेगळी आहे. देणं फेडताना सद्गुरू शेजारी उभे आहेत आणि भक्त डगमगत नाही. सतराव्या अध्यायातल्या दंडाकडेही मी याच नजरेने बघतो. महाराजांनी भक्ताला पावती फाडण्यापासून वाचवलं नाही, कारण त्याचा हिशोब त्याच्या नावावरच पूर्ण व्हायला हवा होता.

"मी दर्शनाला चाललोय" हे वाक्य आपण कधीकधी पास म्हणून वापरतो. वारीला निघालो म्हणून रांग मोडली, पारायण आहे म्हणून स्पीकर मोठा लावला, दर्शन आहे म्हणून रिझर्वेशनच्या डब्यात घुसलो. पण त्या डब्यात ज्याची सीट आहे तो कोण? आजारी आईला नागपूरच्या दवाखान्यातून परत नेणारा एखादा असेल. त्याने दोन महिने आधी तिकीट काढलं आणि त्याच्या बर्थवर आपण "भाऊ, थोडं सरका ना, शेगावलेच उतरतो" म्हणून बसलो. महाराज फक्त शेगावच्या मंदिरात बसलेत आणि त्या बर्थवर नाहीत, असं आपल्याला खरंच वाटतं का?

नाथ महाराजांची गोष्ट इथे फार उपयोगी पडते. देवगिरीवर जनार्दन स्वामींकडे हिशोब बघताना एका पैचा फरक येत होता. रात्रभर दिवा लावून ते बसले आणि पै सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. आम्ही कोड लिहिणारे लोक हा आनंद ओळखतो, रात्री तीनला बग सापडल्यावर असंच होतं. स्वामी म्हणाले ते एवढंच की हीच एकाग्रता देवाकडे लाव. आपण गोष्टीचा हा शेवट लक्षात ठेवतो. पण पै शोधणं क्षुल्लक आहे, सोडून दे, असं स्वामी म्हणाले नाहीत. एका पैसाठी रात्र जागणारा माणूसच पुढे नाथ झाला.

त्या रात्री गाडीत काय झालं ते सांगतो. सोबतचा एक पोरगा म्हणाला, बाथरूममध्ये जाऊन बस. दुसरा म्हणाला, अमुक नेत्याच्या पीएला फोन लाव. तिसऱ्याने तर जुन्या कन्फर्म तिकिटाचा स्क्रीनशॉट एडिट करायला घेतला होता. बघा, १३८ मधून १३७ मध्ये जायला किती वेळ लागतो! फक्त एक स्क्रीनशॉट. मी भाच्याला म्हटलं, "काही करू नको. टीसी साहेबांना खरं सांग, किती होतात ते विचार, भर आणि पावती घे. पुढच्या स्टेशनला उतरून जनरलमध्ये जा." त्याने तसंच केलं. मूर्तिजापूरपासून शेगावपर्यंत दाराजवळ उभा राहून गेला. केस वगैरे काही झाली नाही, कारण रक्कम तिथेच भरली होती.

खरी अडचण नंतर आली. ताईचा फोन: "देवाच्या कामाले निघालेल्या पोराले असं व्हावं काय? आता त त्यानं पोथीच बंद केली. म्हणते, महाराज नाराज आहेत." हे मला दंडापेक्षा जड वाटलं. दंड म्हणजे शाप नव्हे. विस्तवाला हात लागला आणि भाजलं, तर विस्तव तुमच्यावर नाराज आहे असं आपण म्हणतो का? कर्म झालं, फळ आलं, भरलं, पावती मिळाली. त्या पावतीवर 'नाराजी' असा रकाना नसतो. मी भाच्याला विचारलं, "ग्रंथात ज्या भक्ताला दंड झाला, त्याला महाराजांनी दूर लोटलं का?" तो गप्प बसला. मग म्हणाला, "नाही." रविवारी त्याने पोथी पुन्हा उघडली, आणि गंमत म्हणजे सतराव्यापासूनच.

शेगावला निघणाऱ्या तरुण मंडळींना आजची थोडी साधना. घर सोडण्याआधी नामस्मरणासोबत चार्टही बघा. ई-तिकीट वेटिंगमध्येच राहिलं तर जनरलचं तिकीट काढा. मोबाईलवरचं जनरल तिकीट ॲपमध्येच दाखवावं लागतं, मित्राने पाठवलेला स्क्रीनशॉट चालत नाही. ओळखपत्र मूळ ठेवा. चूक लक्षात आली तर कोणी विचारायच्या आधी स्वतः जाऊन सांगा. दंड झाला तर वाद न घालता भरा, पावती घ्या आणि घरी खरं सांगा. तुमच्यासोबत एकटी प्रवास करणारी मैत्रीण असेल तर हेही माहीत असू द्या: पुरुष सोबती नसलेल्या स्त्रीला किंवा मुलाला गाडीतून उतरवायचंच झालं तर ते दिवसाच, आणि सुरुवातीच्या स्टेशनवर किंवा जंक्शन, शेवटचं स्टेशन, जिल्ह्याचं ठिकाण अशाच जागी, असं कलम १३९ सांगतं.

आज वाचन झाल्यावर दोन मिनिटं डोळे मिटून बसा आणि स्वतःला विचारा: कुठलं देणं मी भक्तीच्या नावाखाली टाळतोय? ऑफिसमधलं असेल, घरातलं असेल, मित्राचे घेतलेले पाचशे असतील. जे आठवेल ते याच आठवड्यात चुकतं करा.

उद्या अठरावा अध्याय. जय गजानन!