शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी



मागे घरभेटी करीत असताना चहा घेता घेता एका घरधन्याने आम्हाला प्रश्न विचारला. "फादर, वाडीतले बावखल बुजवायचे म्हणतो. धाकट्याला घर बांधायला दुसरी जागा नाही. शेजारी नाराज आहेत. पण जागा बापजाद्यांची, सातबारा आमच्या नावावर. मग त्यात पाप कसले?"

त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते. आम्ही मात्र "प्रार्थना करू, विचार करू" असे म्हणून उठलो. आम्हा धर्मगुरूंना हे उत्तर फार सोयीचे असते. पण प्रश्नाने पाठ सोडली नाही. आज पवित्र त्रैक्याचा सण आहे आणि पावसाळाही तोंडावर आला आहे. तेव्हा त्या उत्तराचे देणे आज फेडतो. कायदा काय म्हणतो ते तलाठी आणि महापालिका सांगतील. आम्हाला विचारलेला प्रश्न पापाचा होता.

प्रथम बावखल म्हणजे काय, ते नव्या पिढीसाठी आणि आपल्याकडे नव्याने राहायला आलेल्यांसाठी सांगायला हवे. आगाशीपासून थेट वसईपर्यंत आपल्या पूर्वजांनी वाड्यांमध्ये लहान-लहान तळी खणली. तीच बावखले. पावसाळ्यात ती तुडुंब भरत. त्यावर रहाट फिरे आणि पाटाचे पाणी केळीच्या, पानवेलींच्या मुळाशी जाई. आगाशीची सुकेळी ज्या राजेळी केळीपासून होतात, ती केळही याच पाण्यावर पोसली. अनेक बावखले चार-पाच घरांची सामाईक असत. मुले त्यातच पोहायला शिकत.

पण बावखलाचे मोठे काम डोळ्यांना दिसत नाही. ते जमिनीखाली चालते. साठलेले पाणी हळूहळू मुरते आणि आसपासच्या विहिरींना मिळते. आपल्याला तर त्याची फारच गरज, कारण अर्नाळ्याचा समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. शास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याचा ढोबळ हिशेब मांडला. जमिनीतले गोडे पाणी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल, तर सपाटीखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. म्हणजे वरचे पाणी एक फूट उतरले, की खालून खारे पाणी चाळीस फूट वर सरकू पाहते. म्हणून एकाचे बावखल बुजले, की शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी मचूळ होऊ लागते. ते एका दिवसात होत नाही. त्यामुळे कोणी कोणाला दोषही देत नाही.

आता पाण्याकडून जिवांकडे वळू. पुष्कळजण म्हणतात, "बावखलामुळे डास होतात." ज्या बावखलात सांडपाणी आणि प्लास्टिक गेले, तेथे डास होतात हे खरेच आहे. पण जिवंत बावखलाचा संसार निराळा असतो. डासाची अळी पाण्यात वाढते, तशी चतुराची अळीही पाण्यातच वाढते, आणि ती डासांच्या अळ्या खाते. लहान मासेही खातात. बेडूक किडे खातो. बेडकाला धामण खाते, आणि तीच धामण वाडीतले उंदीरही खाते. माशांवर खंड्या आणि बगळे जगतात. पाण्यात पडलेला पाला कुजतो आणि गाळ होतो. तो उपसून केळीच्या बुंध्याशी टाकला की खत होते. पाणी घाण झाले की मासे आणि चतुर आधी जातात, डास मात्र राहतात. मग आपण बावखलाला दोष देतो.

एकेकाळी आपल्या देशातून बेडकांचे पाय परदेशात खाण्यासाठी पाठवले जात. १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. बेडूक गेले की शेतातली कीड वाढते, आणि बेडूक जे काम फुकट करत होता त्यासाठी कीटकनाशक विकत आणावे लागते, हे ध्यानात आले होते. बेडकाच्या पायाची किंमत बाजारात ठरली होती. बेडकाच्या कामाची किंमत मात्र कोणत्याच वहीत लिहिलेली नव्हती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ॲरिस्टॉटलचा एक धडा होता. जे काही आहे त्याचे त्याने दहा प्रकार सांगितले. पहिला मान 'द्रव्या'ला, म्हणजे स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या वस्तूला. 'संबंध' हा प्रकार मात्र त्याच्या लेखी सर्वांत दुबळा. आधी वस्तू असते, मग तिचे कोणाशी तरी नाते जडते, असा हा विचार. परीक्षेत आम्ही ते बिनचूक लिहिले. पण बावखलाच्या काठी उभे राहिले की हा धडा अपुरा वाटू लागतो. बेडकातून पाणी वजा करा, किडे वजा करा, पाऊस वजा करा. मग जे उरेल ते बाटलीत भरून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवता येईल, पण त्याला बेडूक कोण म्हणेल? जिवाचे नाते हा वरून घातलेला दागिना नव्हे. नात्यातच त्याचा श्वास आहे.

आजच्या सणाचे रहस्य याच दिशेने बोट दाखवते. पिता हा पुत्राच्या नात्याने पिता आहे आणि पुत्र हा पित्याच्या नात्याने पुत्र. आपल्यात नाते तुटले तरी माणूस उरतो, निदान आपल्याला तसे वाटते. परमेश्वराच्या ठायी नाते आणि व्यक्ती वेगळ्या काढताच येत नाहीत, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात. ज्याच्या अंतरंगातच नाते आहे, त्याने निर्मिलेल्या सृष्टीत प्रत्येक जीव दुसऱ्याला बांधलेला असावा, यात नवल ते काय? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहिले. सर्व काही एकमेकांशी जोडलेले आहे, हे सूत्र त्यात पुन्हा पुन्हा येते. पुष्कळांना ते काव्यमय वाटते. आगाशीच्या विहिरीला मात्र तो रोकडा व्यवहार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. "माझ्या जागेत मी काही केले आणि त्यात कोणाचे वाईट करण्याचा हेतू नव्हता, तर मी दोषी कसा?"

हेतू महत्त्वाचा आहेच. पण केवळ हेतूवर हिशेब संपत नाही. १९९० नंतरच्या काही वर्षांत आपल्या देशातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. तीन प्रमुख जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. कारण निघाले डायक्लोफेनॅक, गुरांना दुखण्यावर दिले जाणारे औषध. औषध दिलेले जनावर मेले, की त्याचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. औषध देणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात केवळ आपल्या गाईची माया होती. तरीही गिधाडे गेली ती गेलीच.

जुन्या करारातील निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात एक साधा नियम आहे. कोणी खड्डा उघडा ठेवला आणि त्यात दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडून मेले, तर खड्डेवाल्याने भरपाई द्यावी. त्याचा हेतू काय होता, हे तेथे विचारलेले नाही. आपल्या कृतीचा परिणाम कुंपण ओलांडून गेला, की आपली जबाबदारीही कुंपण ओलांडते. त्या काळी खड्डा खणणारा देणेकरी होता. आज आपल्याकडे खड्डा बुजवणारा देणेकरी झाला आहे, एवढाच फरक.

हे आम्ही कोणावर बोट रोखण्यासाठी सांगत नाही. पूर्वी एका धर्मग्रामात असताना चिखल नको म्हणून आम्हीच अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. सगळ्यांनी कौतुक केले. पहिल्याच मोठ्या पावसात अंगणात मुरणारे पाणी वाहून खालच्या अंगाच्या एका म्हातारीच्या घरात शिरले. ती तक्रार करायला आली नाही. आम्हाला ते दुसऱ्यांकडून कळले, आणि म्हणूनच अधिक लागले.

तर मग त्या घरधन्याला उत्तर काय? संत थॉमस म्हणतात, माणसाने मालमत्ता स्वतःची म्हणून सांभाळावी, पण तिचा उपयोग करताना ती सर्वांची आहे असे मानावे. लेवीय ग्रंथ तर जमीन परमेश्वराची आणि आपण तिच्यावरचे पाहुणे, असे मानतो. सातबाऱ्यावर खड्ड्याचे क्षेत्रफळ लिहिलेले असते. त्यातून शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाणारे पाणी लिहिलेले नसते. म्हणून, दादा, खड्डा तुमचा आहे, पण त्यातले पाणी एकट्याचे नाही. शेजाऱ्यांना न विचारता, त्यांच्या विहिरींचा विचार न करता ते बुजवणे योग्य नव्हे, असेच आम्हाला वाटते.

परंतु येथेच थांबलो तर आम्ही अर्धेच सत्य सांगितले असे होईल. त्या शेजाऱ्यांचे काय? वर्षानुवर्षे ज्यांच्या विहिरीला हे पाणी मिळाले, त्यांनी कधी त्या बावखलाचा गाळ काढायला हात लावला? त्या मुलाला घर कोठे बांधता येईल, हे कोणी विचारले? आपली गरज भागते तोवर गप्प बसायचे आणि मालक बुजवायला निघाला की त्याला पाप सांगायचे, हा न्याय नव्हे. जोडलेले असणे एकाच बाजूने नसते. तुमचे बावखल आमची विहीर भरते, तर तुमच्या मुलाच्या घराची चिंता थोडी आमचीही आहे. पापनिवेदनात आपण कर्तव्यात केलेली कसूरही कबूल करतो. ती कसूर येथे साऱ्या आळीची आहे.

कोणी म्हणेल, आता नळाला सूर्या धरणाचे पाणी येते, बावखले हवीत कशाला? ते धरण आपल्याच जिल्ह्यातील आदिवासी भागात आहे आणि मुळात शेतीच्या सिंचनासाठी योजलेले होते. आपण आपले पाणी बुजवतो, तेव्हा त्यांच्या पाण्यावरचा आपला भार वाढवतो. शेजारी बदलतो, देणे तेच राहते. १९८० नंतरच्या काळात वसईच्या विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने लोकांना जागे केले. २०२४ साली फादर आपल्यातून गेले. त्यावेळी पाणी बाहेर नेणारे टँकर डोळ्यांना दिसत होते. आज जे पाणी मुरतच नाही, ते कोणाला दिसत नाही.

म्हणून एक विनंती. पाऊस लागण्यापूर्वी प्रत्येक आळीने एकत्र बसावे. आपल्या आळीत किती बावखले उरली आहेत आणि त्यांचे पाणी कोणाकोणाच्या विहिरीला मिळते, याची यादी करावी. गाळ काढायला सर्वांनी हात लावावा, खर्च वाटून घ्यावा. वसईच्या काही गावांत तरुणांनी श्रमदानाने बावखले स्वच्छ केली आहेत, तेव्हा हे अशक्य नाही. आणि ज्या घराला खरोखरच जागेची अडचण आहे, त्याच्याशी शेजाऱ्यांनी आधी बोलावे. खाते बावखलाच्या मालकाचे एकट्याचे नाही, ही गोष्ट त्याला आपल्या वागण्यातून कळू द्यावी.

त्या घरी आम्ही येत्या आठवड्यात पुन्हा जाणार आहोत. या वेळी एकटे जाणार नाही. शेजारच्या चार घरांनाही सोबत बोलावले आहे.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले,
प्रमुख धर्मगुरू